ताप उतरल्यानंतरचे दिवस

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला पक्षाघात झाला तर ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. शब्द जुना आहे आणि त्यामागे नीट पाहणारी नजर आहे. चालता-बोलता माणूस एकाएकी एका अंगाने लुळा पडतो, तोंड वाकडे होते, वाचा जाते. जणू वाऱ्याचा झोत आला आणि अर्धे अंग घेऊन गेला. पण या शब्दाने एक घोटाळाही होतो. वारे म्हटले की ते बाहेरून आले असे वाटते. मग पंख्याखाली झोपल्याला, गार पाण्याने अंघोळ केल्याला दोष लागतो. उपायही बाहेरूनच होतात. कोणी तेल चोळतो, कोणी कबुतराचे रक्त लावतो, कोणी गाडी करून दूरच्या गावी झाडपाल्याच्या औषधाला घेऊन जातो. खरा प्रकार डोक्याच्या आत घडलेला असतो. दहांतल्या सात-आठ रुग्णांमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. बहुतेक उरलेल्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो.

आज मला बोलायचे आहे ते या गुठळीविषयी आणि तिच्या एका कारणाविषयी. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहेत. परंतु विषाणूचा ताप येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. ताप उतरला, माणूस उठून बसला, भाकरी खाऊ लागला, म्हणजे दुखणे संपले, असा आपला हिशेब असतो. रक्ताचा हिशेब थोडा वेगळा असतो.

गुठळी म्हणजे काय, ते आधी पाहू. विळा लागून बोट कापले तर थोडे रक्त येते, मग ते घट्ट होऊन थांबते. ही शरीराची फार मोठी सोय आहे. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण फिरत असतात. जखम झाली की ते तिथे चिकटतात. मग रक्तातल्या प्रथिनांपासून तंतूंचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजते. जखम भरली की शरीर तेच जाळे हळूहळू विरघळवून टाकते. बुजवणे आणि विरघळवणे ही दोन्ही कामे सतत चालू असतात आणि एकमेकांना तोलून धरतात. हा तोल ढळला, तर जखम नसतानाही गुठळी होते.

तोल का ढळतो? जर्मनीत एकोणिसाव्या शतकात रूडोल्फ फिरखो नावाचे थोर वैद्यकतज्ज्ञ होऊन गेले. गुठळीची तीन कारणे त्यांच्या नावाने आजही वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. शेतकऱ्याला ती पाटाच्या पाण्यावरून चटकन समजतील. पाटाचे पाणी संथ झाले की गाळ बसतो. पाटाचे अस्तर उखडले की तिथे काडीकचरा अडकतो. आणि पाणीच गढूळ असले तर पाट लवकर तुंबतो. रक्तवाहिनीचेही तसेच आहे. रक्ताचा वेग मंदावणे, वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा स्वतःचा गोठण्याकडे कल वाढणे, ही ती तीन कारणे.

विषाणूचा मोठा ताप ही तिन्ही कारणे एकाच वेळी आणून ठेवतो. विषाणूशी लढताना शरीरात जी दाहाची प्रक्रिया पेटते, तिची झळ वाहिनीच्या अस्तराला लागते. त्याच दाहामुळे रक्त गोठवणारी प्रथिने वाढतात आणि प्लेटलेट चिकट होतात. शिवाय रुग्ण आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतो, घाम आणि जुलाब यांनी अंगातले पाणी जाते, रक्त दाट होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर पाणी कमी पडायला तापाचीही गरज नसते. ताप उतरतो तेव्हा विषाणू हरलेला असतो, पण आत पेटलेला दाह लगेच विझत नाही.

करोनाने हे सगळे जगाच्या डोळ्यांपुढे आणले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पाचही जण पन्नाशीच्या आतले, सर्वांत लहान ३३ वर्षांचा. पाचही जणांना करोनाचा संसर्ग होता आणि सगळ्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. एवढ्या तरुण वयाचे असे पाच रुग्ण अवघ्या दोन आठवड्यांत आले होते; एरवी तेवढ्या काळात त्यांच्याकडे असा एखादाच रुग्ण येत असे. पाचांपैकी काहींना तर करोनाचा फारसा त्रासही नव्हता.

आपल्या जिल्ह्यात पहिले रुग्ण सापडले तेही एप्रिल २०२० मध्येच, उमरगा भागात. वर्षभराने, एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा घराघरांत ऑक्सिजन, रेमडेसिविर आणि सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ हे शब्द तोंडपाठ झाले. त्यांच्याच जोडीने ‘डी-डायमर’ हा शब्द आला. पुष्कळांनी तो कागदावर पाहिला, अर्थ मात्र कोणी नीट सांगितला नाही. गुठळीचे जाळे विरघळते तेव्हा त्याचे जे तुकडे रक्तात येतात, त्यांचे हे माप आहे. माप वाढले म्हणजे शरीरात कुठेतरी गुठळ्या होणे आणि विरघळणे वाढले आहे, एवढेच समजते. वय, गरोदरपण, कोणताही मोठा संसर्ग, यांनीही ते वाढते. म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून घाबरायचे नसते आणि नुसत्या त्या आकड्यावरून औषधही ठरवायचे नसते.

धोका नेमका किती, हेही सांगायला हवे. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आजाराची नोंद ठेवली जाते. तिथे ८६ हजारांहून अधिक करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या आठवड्यात तिप्पट किंवा त्याहून जास्त आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही जवळपास दुप्पट आढळला. पुढच्या वर्षी त्यांनीच दहा लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. पायाच्या शिरेतील गुठळीचा धोका तीन महिन्यांपर्यंत आणि फुप्फुसातील गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत वाढलेला दिसला. आता त्याची दुसरी बाजू पाहा. पहिल्या महिन्यात फुप्फुसात गुठळी झाली ती दहा हजारांत सतरा जणांना. म्हणजे उरलेल्या ९,९८३ जणांना ती झाली नाही. धोका अनेक पटींनी वाढतो, पण मुळातच तो लहान असतो. लसीकरणानंतर तो आणखी कमी झाला आहे. मात्र ज्याला आधीच रक्तदाब आहे, साखर आहे, हृदयाच्या झडपेचा आजार आहे, जो तंबाखू-बिडी सोडत नाही किंवा ज्याचा ताप दवाखान्यात भरती होण्याइतका मोठा होता, त्याच्यासाठी तो तितका लहान राहत नाही.

हे करोनापुरतेच आहे असेही नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी, असे दाखवून दिले होते की छातीच्या साध्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट आणि हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे पाचपट होतो, आणि मग काही आठवड्यांत तो हळूहळू उतरतो. कॅनडात २०१८ मध्ये इन्फ्लुएन्झानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका सहापट आढळला. नागीण झाल्यावर, विशेषतः डोळ्याभोवती झाल्यावर, पुढचे काही महिने पक्षाघाताचा धोका वाढतो. क्वचित लहान मुलांमध्ये कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी मेंदूची रक्तवाहिनी आकसून पक्षाघात होतो. आपल्या पणजोबांच्या पिढीने १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ पाहिली, तिला खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ म्हणत. त्या काळी तापाने गेलेली माणसे मोजणेच अवघड होते. ताप उतरल्यावर महिन्याभराने वारे जाऊन कोणी गेला, तर त्याचा संबंध तापाशी कोण जोडणार?

संबंध लक्षात न आल्याने काय होते, ते मी दुसऱ्या लाटेच्या सुमारास जवळून पाहिले. चाळिशीतला एक शेतकरी करोनातून बरा होऊन घरी गेला. ऑक्सिजन चांगला, भूक परतलेली. घरी गेल्यावर आठव्या दिवशी रात्री जेवताना त्याच्या उजव्या हातातली भाकरी खाली पडली. बायकोने विचारले तर उत्तर धड येईना. आजारातून उठलाय, अशक्तपणा असेल, म्हणून घरच्यांनी त्याला झोपवले. सकाळी उजवे अंग उचलेना, तेव्हा गाडी शोधायला सुरुवात झाली. माझ्याकडे आला तेव्हा भाकरी पडल्याला चौदा तास होऊन गेले होते. जीव वाचला. आज तो काठी घेऊन चालतो, पण उजव्या हाताने त्याला सदऱ्याचे बटण लावता येत नाही. दुसऱ्या एका घरात सुनेने सासूबाईंच्या हातात चहाचा कप देताना पाहिले आणि म्हणाली, “आत्या, तुमचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय.” तिने चहा परत घेतला आणि नवऱ्याला हाक मारली. दोन तासांच्या आत त्या सीटी स्कॅनच्या टेबलावर होत्या. आज त्या नातवंडांच्या वेण्या घालतात. दोघांचा आजार एकच होता आणि दोघांनाही तापातून उठून पंधरा दिवस झाले नव्हते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. १९९५ पासून त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण ते लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, जितके लवकर तितके चांगले. मोठी वाहिनी बंद असेल तर बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय मोठ्या शहरांत असते आणि निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करता येते. पण तो निर्णय तपासणीनंतरच होतो. मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज आहे. त्या पुन्हा उगवत नाहीत. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कितीही अनुभवी डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही. आणि रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिले तर जीव जाऊ शकतो.

आता हे साडेचार तास आपल्या जिल्ह्यात बसवून पाहा. ते म्हणजे २७० मिनिटे. शेतवस्तीवरून डांबरी रस्त्यावर यायला अर्धा तास. वाहन मिळायला अर्धा तास. परंड्याचा माणूस बार्शी-सोलापूरकडे बघतो, उमरग्याचा सोलापूर किंवा लातूरकडे, कळंबचा लातूर किंवा अंबाजोगाईकडे. रस्त्यात एक ते दोन तास जातात. पोचल्यावर स्कॅन आणि रक्ततपासणीला आणखी तासभर. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो आणि ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायला त्यात जागाच नाही. म्हणून माझी विनंती अशी की घरात कोणी मोठ्या तापातून उठले असेल, तर आपल्याला सर्वांत जवळचा सीटी स्कॅन कुठे आहे, तो रात्री चालू असतो का आणि हे इंजेक्शन कुठे मिळते, एवढे गावातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना आधीच विचारून ठेवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. फोन करताना ‘चक्कर आली’ असे मोघम सांगू नका, ‘पक्षाघात वाटतो’ असे सांगा.

ओळखायचे कसे? समोरच्याला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात पुढे धरायला सांगा. एक हात खाली येतो का? स्वतःचे आणि गावाचे नाव सांगायला सांगा. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का? तिन्हींपैकी एक जरी बिघडलेले दिसले तरी घड्याळ बघा आणि निघा. एकाएकी एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून बरोबर घ्या. डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतील. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही त्याच दिवशी दाखवा. तो मोठ्या झटक्याचा आगाऊ निरोप असू शकतो. रुग्णाला पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडातून देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते फुप्फुसात उतरते.

गुठळी मेंदूच्या धमनीतच होते असे नाही. तापानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. ती सुटून वर गेली की फुप्फुसात अडकते. मग एकदम दम लागतो, छातीत कळ येते, कधी थुंकीत रक्त दिसते. अशी पोटरी चोळू नका. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्येही गुठळी होते. तिची खूण म्हणजे दिवसेंदिवस वाढत जाणारी, आडवे झाल्यावर जास्त होणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, झटके. बाळंतिणींमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. ती सोडली पाहिजे. नवरात्रात तुळजापूरला जायचे म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर आणून घेतल्या जातात. अशा संप्रेरकांच्या गोळ्यांनी गुठळीची शक्यता वाढू शकते. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

इथे बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला, मग प्रत्येक तापानंतर रक्त पातळ करण्याची गोळी का घेऊ नये? ब्राझीलमध्ये भरती झालेल्या आणि जास्त धोका असलेल्या ३२० करोना रुग्णांना घरी जाताना अशी गोळी ३५ दिवस दिली, तेव्हा गुठळ्या कमी झाल्या; हा निष्कर्ष २०२१ मधला. पण अमेरिकेत घरीच बऱ्या होणाऱ्या सौम्य रुग्णांवर तसाच प्रयोग केला, तो अर्ध्यावर थांबवावा लागला. त्यांच्यात गुठळ्या मुळातच इतक्या कमी होत्या की औषधाचा उपयोग दिसायला वावच नव्हता. रक्तस्रावाचा धोका मात्र प्रत्येक गोळीबरोबर येतो. म्हणून ही गोळी कोणाला, किती दिवस, हे माणूस पाहून ठरते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती आणू नका. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असला तर त्यात प्लेटलेट घसरतात, आणि ॲस्पिरिन घेतल्याने रक्तस्राव होऊ शकतो. लहान मुलांना तर विषाणूच्या तापात ॲस्पिरिन देऊच नये. २००६ मध्ये चिकुनगुन्याच्या साथीत मराठवाड्यात लोकांनी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्याही रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात आणि काहींमुळे हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो.

दुसरा प्रश्न लशीचा. ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडे कोविशील्ड नावाने दिलेल्या लशीनंतर फार विरळा गुठळ्या होतात, हे २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात लक्षात आले आणि ते खरे आहे. पण ती गुठळी लस घेतल्यानंतरच्या साधारण चार ते सहा आठवड्यांतच होते. ज्यांनी २०२१ मध्ये लस घेतली त्यांनी आज त्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी कोट्यवधी लोकांच्या नोंदींवरून दिसले की गुठळीचा धोका लशीपेक्षा संसर्गानंतर कितीतरी जास्त होता.

मग तापानंतर करायचे काय? फार अवघड काही नाही. अंथरुणात पडून राहू नका. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात, मग अंगणात चाला. लघवी पिवळीजर्द दिसत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी तापात बंद पडते आणि मग तशीच राहून जाते, हे मी दर साथीत पाहतो. ती पुन्हा कधी सुरू करायची, ते ताप उतरला त्याच दिवशी विचारा. तंबाखूची डबी आजारात आठ दिवस बाजूला पडलेली असते, तिला परत जवळ करू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला माणूस नुकताच तापातून उठला असेल, तर ट्रकमधला रात्रभराचा प्रवास आठ-पंधरा दिवस पुढे ढकलता येतो का, ते मुकादमाशी बोलून पाहा. जावेच लागले तर वाटेत उतरून चार पावले चालायला लावा आणि पाण्याची बाटली हातात द्या.

आणि एक शेवटची साधी गोष्ट. ताप उतरला त्या तारखेला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करा आणि तिथून पुढच्या महिनाभरात एकदा रक्तदाब मोजून घ्या. तो महिना घरातल्या सगळ्यांनी त्या माणसाच्या चालण्या-बोलण्याकडे जरा लक्ष ठेवावे. वारे गेले की नाही ते नंतर ठरवता येईल. हातातली भाकरी पडली, तर ती उचलण्याआधी घड्याळ बघा.